कौरव मनातले म्हणून शेताचा हिस्सा सोडू का?

पत्र मोठं होतं, थोडं कमी करून देतेय, ओळख पटेल असं सगळं काढलंय.

"ताई नमस्कार. मी खानापूर तालुक्यातल्या एका गावची. मालक जाऊन मागच्या पावसाळ्यात वर्ष झालं. पोरगा आठवीत, पोरगी पाचवीत. अंगणवाडीत मदतनीस म्हणून जातो, त्यावर घर चाललंय. भातजमीन आणि थोडी काजूची झाडं आहेत, सगळं सामाईक, भाऊजी करतात. आता ते एक कागद घेऊन आलेत. सगळा कन्नडमध्ये आहे, मला कन्नड बोललेलं थोडं कळतं पण वाचता येत नाही, मी मराठी शाळेत शिकलो. सहीच्या जागी पेन्सिलीने फुली मारून ठेवलीय आणि 'वहिनी एवढी सही करा, पोरांचं मी बघतो' म्हणूलालेत. सासूबाई पण त्यांच्याच बाजूने.

गावच्या सप्त्यात मी दरवर्षी ज्ञानेश्वरीच्या पारायणाला बसतो. यंदा कीर्तनात महाराजांनी सांगितलं की कुरुक्षेत्र म्हणजे आपलं शरीर, कौरव म्हणजे आपलेच विकार, कृष्ण म्हणजे आत जागं असलेलं चैतन्य, आतला दुर्योधन मेला की बाहेर शत्रूच उरत नाही. ऐकून अंगावर काटा आला, लई खरं वाटलं. दुसऱ्या दिवशी त्यांना माझं सगळं सांगितलं तर म्हणाले जमीन ही माया आहे, तुकोबांनी कर्जखतं इंद्रायणीत बुडवली, तू सही करून मोकळी हो. शेजारच्या ख्रिश्चन बाई पण म्हणतात की मोझेस आणि त्याच्या लोकांना गुलाम ठेवणारा इजिप्तचा राजा फारो दोघं आपल्या मनातच असतात असं त्यांच्या प्रार्थनेत कोणी सांगितलं. मला पारायणात खरंच शांती मिळते ताई. कोर्टकचेरी केली तर ती जाईल असं वाटतं. सही केली तर पोरांचं काय होईल ते कळत नाही. शास्त्रात आतलं युद्ध सांगितलंय तर मी बाहेर भांडणं पाप आहे का?"

ताई, सगळ्यात आधी एक सांगते, बाकीचं नंतर निवांत वाचा. त्या कागदावर सही करू नका. अंगठा नको, कोऱ्या कागदावर सही नको, "नुसता बँकेच्या कामाला लागतो" म्हणून आधारची झेरॉक्स आणि फोटोसुद्धा देऊ नका. कोणी घाई केली तर एवढंच म्हणा की कागद माझ्याकडे ठेवा, मी वाचून घेते आणि सांगते. यात भांडण नाही, उद्धटपणा नाही. जो कागद तुम्हाला वाचता येत नाही तो दुसऱ्याकडून वाचून घेतल्याशिवाय सही न करणं हा तुमचा साधा हक्क आहे आणि ज्याच्या मनात काही नाही त्याला याचा राग यायचं कारण नाही.

आता तुमच्या खऱ्या प्रश्नाकडे येते, कारण तुम्ही जमिनीचं विचारलं असलं तरी तुम्हाला आतून कुरतडतंय ते वेगळंच आहे.

महाराजांनी कीर्तनात सांगितलं ते खोटं नाही. अंगावर काटा आला तो खराच आला. गीतेतच तेराव्या अध्यायाच्या सुरुवातीला भगवंत सांगतात की हे शरीर म्हणजेच क्षेत्र, आणि सोळाव्यात दैवी आणि आसुरी संपत्ती मांडताना दंभ, दर्प, अभिमान, क्रोध हे सगळं माणसाच्या आतलंच सांगितलंय. गांधीजींनी तर आयुष्यभर गीता अशीच वाचली, कुरुक्षेत्र माणसाच्या मनात आहे असंच ते म्हणायचे. म्हणजे ही वाचायची पद्धत जुनी आहे, मोठ्या माणसांची आहे, आणि मी स्वतः ती मानते, मनापासून मानते. पण ताई, हेच गांधीजी 1924 च्या डिसेंबरात आपल्या बेळगावात काँग्रेसचे अध्यक्ष म्हणून आले होते, टिळकवाडीतली काँग्रेस विहीर तेव्हाच्याच अधिवेशनासाठी खणलेली आहे, आणि सहा वर्षांनी हाच माणूस मीठ उचलायला दांडीपर्यंत चालत गेला. युद्ध मनातलं आहे म्हणून साबरमतीला डोळे मिटून बसून राहिला नाही. आतलं वाचन त्यांना बाहेर घेऊन गेलं. तुम्हाला मात्र तेच वाचन घरात बसवायला वापरलं जातंय, आणि फरक इथेच आहे.

महाराजांनी ते कुणाला सांगितलं हे एकदा बघा. सगळ्या मांडवाला सांगितलं तोवर ठीक होतं, कारण मांडवात तुम्ही होता तसे तुमचे भाऊजीही असतील, सरपंच असतील, सावकार असतील, आतला दुर्योधन शोधायचं काम सगळ्यांना सारखं लागलं. पण नंतर एकटीला जे सांगितलं ते तुमच्याच वाट्याला आलं. कौरव आत असतात तर भाऊजींच्या आत पण असणार ना? लोभ हा विकार असेल तर विधवा भावजयीच्या सहीसाठी पेन्सिलीने फुली मारून ठेवणाऱ्याला तो आधी विचारायला नको? महाराजांचा हेतू वाईट होता असं मी म्हणत नाही, बऱ्याचदा भलं बोलायच्या नादात माणसं सोपं तेवढं सांगून जातात आणि समोर बाई एकटी असली की सोपं म्हणजे "सोडून दे". पण ज्याच्या हातात काही नाही त्याला "आत बघ" आणि ज्याच्या हातात सगळं आहे त्याला काहीच नाही, अशा वेळी शास्त्राचं वजन एकाच पारड्यात पडतं.

तुकोबांचं म्हणाल तर ती गोष्ट पूर्ण ऐका. संतांची चरित्रं लिहिणाऱ्या महिपतींनी सांगितलेली परंपरा अशी की घरात सावकारी होती, लोकांकडून येणं होतं, त्याची खतं होती. तुकोबांनी ती बुडवायची ठरवली तेव्हा भाऊ कान्होबा म्हणाले मला संसार करायचाय, तर तुकोबांनी खतांचे दोन वाटे केले, कान्होबांचा अर्धा त्यांच्या हातात दिला आणि फक्त स्वतःचा अर्धा इंद्रायणीत सोडला. भावाचा वाटा त्यांनी बुडवला नाही. आणि बुडवलं ते काय, तर दुसरे त्यांचं जे देणं लागत होते ते. देणेकरी गरीब कुळं सुटली. घेणाऱ्याने आपला हक्क सोडून गरिबाला मोकळं केलं ती गोष्ट एका विधवेला तिच्या पोरांचा वाटा थोरामोठ्याच्या नावावर लिहून द्यायला कशी काय लागू होते ते मला तरी कळत नाही. तुमची पोरं कान्होबांच्या जागी आहेत ताई. त्यांचा अर्धा त्यांच्या हातात ठेवणं हेच तुकोबांनी केलं होतं.

शिवाय महाभारत आहे तरी कशाबद्दल? वाटणीबद्दल. भाऊबंदकीच आहे ती सगळी. आपल्या पट्ट्यात गावागावात बांधावरून चालते तशीच. पांडवांचा हिस्सा दाबलाय, कृष्ण स्वतः शिष्टाईला जातो, पाच गावं द्या म्हणतो, आणि दुर्योधन सुईच्या टोकावर राहील एवढी मातीसुद्धा देणार नाही म्हणतो. आता याला आतला अर्थ द्या, जरूर द्या, पण वरचा अर्थ पुसून टाकून देता येत नाही. हिस्सा दाबणाऱ्याच्या गोष्टीतून "हिस्सा सोड" हा अर्थ निघायला लागला तर वाचण्यात कुठेतरी गडबड झालीय.

आणि अर्जुन सुरुवातीला काय म्हणतो ते तर तुम्ही दरवर्षी वाचता. गांडीव हातातून गळतंय, अंगाला कंप सुटलाय, तोंड कोरडं पडलंय, आणि मग तो फार सुंदर, फार धार्मिक वाटेल असं बोलायला लागतो, की नको मला राज्य, नको सुख, यापेक्षा भीक मागून जगलेलं बरं. ऐकायला पूर्ण वैराग्य. कृष्ण त्याला शाबास म्हणत नाही. हे मनाचं क्षुद्र दुबळेपण आहे, ते टाक आणि ऊठ, असं दुसऱ्या अध्यायाच्या अगदी सुरुवातीलाच सांगतो. म्हणजे आतल्या युद्धात पहिला शत्रू कोण निघाला? लोभ नाही, राग नाही. घाबरून गेलेलं मन, आणि तेही वैराग्याचं बोलणारं. तुमच्या पत्रात मला हेच दिसतं ताई. सही करून मोकळी होते असं वाटतं तेव्हा ती जमिनीवरची आसक्ती सुटलीय का भाऊजींच्या आवाजाची भीती आहे, हे तुम्ही स्वतःला शांतपणे विचारून बघा. तुमच्या पत्रात एकदासुद्धा "मला जमीन नको" असं आलेलं नाही, भीती हा शब्द मात्र तुमच्या मूळ पत्रात पुन्हा पुन्हा आलाय.

सोळाव्या अध्यायात दैवी संपत्ती मोजायला घेतली तेव्हा पहिलं नाव अभयाचं घेतलंय. सत्य, अहिंसा, शांती सगळं त्याच्या मागून येतं. मला हे वाचताना दरवेळी थांबायला होतं. आतलं चैतन्य जागं झालं की नाही हे कशावरून ओळखायचं, तर आधी भीती कमी झाली का ते बघायचं. भीती तशीच असेल, मान तशीच खाली असेल आणि वरून शांत वाटत असेल तर ती शांती अजून कच्ची आहे, तिला वाईट म्हणू नका, पण पूर्ण पण समजू नका.

आता तुमची खरी काळजी, की कचेरीत गेले तर मिळालेली शांती जाईल. यासाठी तुम्हाला तिसऱ्या अध्यायातला तिसावा श्लोक काढून देते. त्यात अध्यात्मचेतसा असं म्हटलंय, म्हणजे चित्त आत लावून, सगळी कर्मं मला अर्पण करून, आशा आणि माझंमाझं सोडून, विगतज्वर हो आणि युद्ध कर. मनाला जो ताप चढलेला असतो, धगधग, रात्रीची झोप न येणं, "तो असं म्हणाला मी असं म्हणणार", तो ताप उतरव आणि लढ. आतलं आणि बाहेरचं एकाच श्लोकात, एकाच वाक्यात आहे, दोन्हीतलं एक निवडा असं कुठेच नाही. आणि याच्यावर माउलींची ओवी तुम्ही तोंडाने म्हटलेली आहे: "आतां कोदंड घेऊनि हातीं । आरूढ पां इये रथीं । देईं आलिंगन वीरवृत्ती । समाधानें ॥" धनुष्य हातात घे, वीरवृत्तीला मिठी मार, पण कशी, तर समाधानाने. रागाने नाही.

ही ओवी पुढे कुठे छापली गेली माहिती आहे का? बाबासाहेब आंबेडकरांनी 1927 मध्ये 'बहिष्कृत भारत' हे पाक्षिक काढलं त्याच्या मथळ्यावर. त्याच्या आधी दोन वर्षं ते आपल्या निपाणीत बहिष्कृत परिषदेचे अध्यक्ष म्हणून येऊन गेले होते. ज्या माणसांना देवळाची पायरी आणि तळ्याचं पाणी नाकारलं होतं त्यांच्या पत्राच्या डोक्यावर ज्ञानेश्वरीतली ओवी, आणि ती कुठली निवडली तर कोदंड हातात घे म्हणणारी. पुढे बाबासाहेबांचा रस्ता वेगळा झाला, गीतेवर त्यांनी कडक टीका केली, ते सगळं आपल्या जागी आहे. पण त्या वेळी दाबलेल्या माणसाने ओवी कशी वाचली ते बघा, आणि तुम्हाला ती कशी वाचायला सांगितली जातेय ते बघा.

चोखोबांचं पण सांगते, कारण "आत मिळालं की झालं" म्हणणाऱ्यांना चोखोबांचं उत्तर द्यावं लागतं. त्यांना आत विठ्ठल भेटला होता यात कुणाला शंका आहे? "ऊस डोंगा परी रस नोहे डोंगा" म्हणणारा माणूस आतून किती मोकळा असेल. तरी देऊळ त्यांना बंदच राहिलं, समाधी महाद्वाराबाहेर पायरीशी झाली, आणि त्यांच्या लोकांना विठ्ठलाच्या पायापर्यंत जायला 1947 साल उजाडावं लागलं. साने गुरुजींनी त्या मे महिन्यात पंढरपुरात प्राणांतिक उपोषण केलं तेव्हा ते दार उघडलं. चोखोबांच्या भक्तीत काही कमी होतं म्हणून दार बंद नव्हतं, बाहेर कोणीतरी ते बंद ठेवलं होतं, आणि बाहेरच कोणालातरी उपाशी राहून ते उघडायला लागलं. शेकडो वर्षं लोक त्या पायरीवर डोकं टेकवत होते आणि "भाव महत्त्वाचा, दर्शन काय" असं सांगणारेही असतीलच.

शेजारच्या बाईंची मोझेसची गोष्ट मला फार आवडते, त्यांना माझा नमस्कार सांगा. फारो मनात असतो हे बायबलमधून खरंच दिसतं. इजिप्तच्या गुलामीतून सुटून वाळवंटात आल्यावर मोझेसचे लोक रडायला लागतात की तिथे मासे मिळायचे, काकड्या, कांदे, लसूण मिळायचा, इथे काय आहे. पाय सुटले, मन अजून विटा थापतंय. म्हणून आतलं काम लागतंच, नाहीतर उद्या तुमच्या नावावर उतारा झाला तरी तुम्ही भाऊजींना विचारल्याशिवाय काजूच्या झाडाला हात लावणार नाही. पण त्याच गोष्टीत देव मोझेसला ध्यान करत बस असं सांगत नाही, फारोच्या दरबारात पाठवतो. मोझेस म्हणतो मला बोलता येत नाही, माझी जीभ जड आहे. तर देव त्याला सोबत त्याचा भाऊ अहरोन देतो, तू जा, बोलायचं काम तो करेल. अमेरिकेतल्या गुलामांनी ही गोष्ट वाचली ती अशीच, पळून आलेली हॅरिएट टबमन परत परत जाऊन माणसं सोडवून आणायची आणि लोक तिला मोझेस म्हणायचे. तुमचंही तेच आहे ताई, तुमची जीभ जड नाही पण कागदाची भाषा तुमची नाही. तुम्हाला एक अहरोन लागेल, आणि तो कसा शोधायचा ते आता सांगते.

कागद आधी वाचून घ्या. गावात कन्नड शाळेतून शिकलेली पोरं असतील, तुमच्या अंगणवाडी सेविका असतील, कन्नड शाळेचे मास्तर असतील, पण भाऊजींच्या उठण्याबसण्यातलं कोणी नको. भाषेवरून आपल्याकडे एवढं राजकारण झालंय की कन्नड कागद म्हटलं की आपण आधी घाबरतो आणि मग विचारायला लाजतो. यात कमीपणा काही नाही. कन्नड बोलणारी शेजारीणही आपलीच आहे, तो कागद वाचून दाखवणं तिला जड नाही, आणि माउलींनीच "कानडा हो विठ्ठलु कर्नाटकु" म्हटलंय तर आपण कुठे अंतर धरायचं. वाचताना एवढं बघा की ते हक्कसोडपत्र आहे का, वाटणीपत्र आहे का, का मुखत्यारपत्र आहे. मुखत्यारपत्र असेल तर जास्त सांभाळून, कारण त्यात तुमच्या वतीने पुढचं सगळं करायचा अधिकार निघून जातो.

कायद्याचं थोडक्यात. 1956 च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे मृत्युपत्र न करता नवरा गेला तर त्याच्या वाट्याला जे येतं त्यात बायको, मुलगा, मुलगी आणि त्याची आई असे पहिल्या वर्गातले वारस, आणि मुलगा मुलगी दोघांना सारखंच. बायकोला जे मिळतं ते तिच्या पूर्ण मालकीचं असतं, फक्त हयातीपुरतं नाही. वडिलोपार्जित असेल तर आधी भाऊजी, नणंदा वगैरे सगळ्यांचे वाटे पडून तुमच्या मालकांचा वाटा ठरेल, त्याचा हिशोब वकिलाकडूनच करून घ्या. पोरं अज्ञान आहेत, त्यांचा हिस्सा तुमच्या एका सहीने सोडता येतो का, कोर्टाची परवानगी लागते का, हे पण त्यालाच विचारा. "पोरांचं मी बघतो" हे त्या कागदात कुठे लिहिलंय का तेही वाचताना शोधायला सांगा, माझा अंदाज आहे की नसेल.

वकिलाला पैसे कुठून आणू हा प्रश्न येणार तर ऐका, 1987 च्या कायद्याप्रमाणे बाईला मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. तालुक्याच्या कोर्टात कायदा सेवा समिती असते आणि बेळगावात जिल्हा प्राधिकरण, तिथे साधा अर्ज करायचा. 15100 हा कायदा मदतीचा फोन नंबर आहे. घरी धमकी, मारहाण असं काही झालं तर 181. आणि नाडकचेरीत, म्हणजे महसूल खात्याच्या स्थानिक कचेरीत जाऊन जमिनीचा ताजा उतारा काढून घ्या, त्यावर आत्ता कुणाकुणाची नावं आहेत ते कळेल. मालकांच्या जागी वारस म्हणून तुमची आणि पोरांची नावं लावायची वर्दी अजून दिली नसेल तर ती द्या. भाऊजींनी परस्पर काही नोंद घालायला टाकली असेल तर मुदतीत तकरार घालता येते. आणि समजा कोणी हाताला धरून सब रजिस्ट्रारकडे नेलंच तर तिथे अधिकाऱ्यासमोर स्पष्ट म्हणायचं, हा कागद मला वाचून दाखवलेला नाही आणि मला मान्य नाही. मराठीत म्हटलं तरी चालतं. तुम्ही नाकारलं की तुमच्यापुरती त्या कागदाची नोंदणी होत नाही.

पण हे सगळं करायच्या आधी शिष्टाई करा. कृष्णानेही आधी तेच केलं. भाऊजींना वैरी समजून सुरुवात नको, त्यांनी शेत कसलंय, खतबियाणं घातलंय, त्याचा मान ठेवा, त्यांनाही कदाचित बँकेचं कर्ज उचलायचं असेल आणि सगळ्यांच्या सह्यांशिवाय मिळत नसेल. चार वडीलधारे बसवा, माहेरचा भाऊ असेल तर तो असू दे, आणि सांगा की जमीन तुम्हीच करा, पण उताऱ्यावर पोरांची नावं लागू देत आणि खंडाचं काय ते ठरवू. पसायदानात माउलींनी खळ मरोत असं मागितलं नाही, "जे खळांची व्यंकटी सांडो" म्हटलंय, वाकडेपणा जावो. भाऊजींबद्दल मनात एवढंच ठेवून बोलायला बसा. ऐकलं तर सोन्याहून पिवळं. नाही ऐकलं तर पुढची पायरी चढायला तुम्ही मोकळ्या आहात आणि पाप वगैरे काही लागत नाही, हे मी तुम्हाला अगदी ठामपणे सांगते.

पारायण सोडू नका. उलट कचेरीत जायच्या दिवशी सकाळी तिसऱ्या अध्यायाच्या त्या ओव्या वाचून जा. सुरुवातीला छातीत धडधड होईल, घसा सुकेल, रात्री झोप लागणार नाही, तेव्हा माझी शांती गेली असं समजून घाबरून परत फिरू नका, अर्जुनालाही तेच झालं होतं आणि त्याच्यासमोर तर प्रत्यक्ष भगवंत बसला होता. तुकोबा म्हणतात "रात्रंदिन आम्हां युद्धाचा प्रसंग । अंतर्बाह्य जग आणि मन". अंतर पण आणि बाह्य पण. आणि महाराजांशी अबोला धरू नका. पुढच्या वेळी भेटले की नम्रपणे विचारा, महाराज, हेच भाऊजींनाही सांगाल का? चांगले असतील तर सांगतील, आणि गावात त्यांच्या शब्दाला वजन असेल तर तुमचं अर्धं काम तिथेच होईल.

एक राहिलं, मुक्ताबाईंचं. लोक टाकून बोलले म्हणून माउली एकदा झोपडीची ताटी लावून आत बसले अशी परंपरेतली गोष्ट आहे. आत बसलेला माणूस साक्षात ज्ञानेश्वर, म्हणजे आतलं चैतन्य त्यांच्याइतकं कुणाला कळलं असेल. तरी धाकटी बहीण बाहेर उभी राहून म्हणत राहिली, ताटी उघडा. रागाने पेटलेल्या जगापुढे संतांनी पाणी व्हावं हे पण तिनेच सांगितलं आणि दार उघडून बाहेर या हे पण तिनेच. मला वाटतं बायकांनी मुक्ताबाईंचे हे अभंग जास्त म्हणायला पाहिजेत, सप्त्यात सुद्धा.

सासूबाईंचं शेवटी मुद्दाम ठेवलंय. त्या भाऊजींच्या बाजूने बोलतात असं तुम्ही लिहिलंय. पण वर सांगितलं तसं गेलेल्या मुलाच्या वाट्यात त्यांचाही हिस्सा आहे, आणि तुमच्यासाठी कागद तयार झालाय तसा त्यांच्यासाठीही झाला असेल, कदाचित त्यांचा अंगठा घेऊन पण झाला असेल. हे त्यांना कोणी सांगितलंच नसेल. तेव्हा पंच बसवायच्या आधी, वकिलाकडे जायच्याही आधी, एक दिवस भाऊजी घरी नसताना त्यांच्याजवळ बसा आणि विचारा, आत्याबाई, तुम्हाला कुठे सही करायला लावलीय का.